दीड आणि साडेचार वर्षांची मुलं घेऊन स्कीइंगला जायचंय? आधी पाळणाघर बुक करा, गाव नंतर

तुमचा प्रश्न असा होता: मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, नवऱ्याला स्कीइंग छान येतं, तुम्हाला कसंबसं थांबता येतं, आल्प्समध्ये एक आठवडा जायचंय, गाव नवऱ्याने जवळजवळ पक्कं केलंय कारण तिथे स्लोप भरपूर आहेत, आता फक्त मुलांचं काय करायचं तेवढं सांगा, पाळणाघर की नॅनी, आणि लहान्याला पण स्की लावून बघायचे का.

हे जे 'तेवढं' आहे ना, त्यातच सगळी सुट्टी आहे. मी चौदा हिवाळे आल्प्समधल्या एका स्की गावात मुलांच्या पाळणाघरात काढलेत, आधी बाळांच्या खोलीत आणि नंतर बुकिंगच्या डेस्कवर, आणि दर शनिवारी तोच प्रकार बघितलाय. नवीन कुटुंबं येतात, बाबांच्या फोनवर स्लोपचा नकाशा उघडा, आणि आई विचारते की दीड वर्षाच्या बाळाला उद्यापासून जागा आहे ना. नसते. फेब्रुवारीत तर नसतेच नसते. मग त्या आठवड्यात दोघांपैकी एक जण स्की करतो आणि दुसरा खोलीत बसून पंधराव्यांदा तेच चित्रांचं पुस्तक वाचतो, आणि बुधवारपर्यंत दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालेलं असतं.

म्हणून सांगते, क्रम उलटा करा. आधी दीड वर्षाच्या मुलाची जागा, मग मुलीची स्की स्कूल, मग या दोन्हींपासून चालत जाता येईल अशी राहायची जागा, मग तिकिटं, आणि नवऱ्याचे स्लोप सगळ्यात शेवटी. त्यांना माझ्यातर्फे सांगा की एवढी लहान पोरं बरोबर असताना माणूस दिवसाला जेमतेम तीन-चार तास स्की करतो, त्यातला अर्धा तास लॉकरमध्ये बूट शोधण्यात जातो, तेव्हा तीनशे किलोमीटरचे स्लोप घेऊन करायचंय काय.

आता पाळणाघर, नॅनी आणि स्की किंडरगार्टन, हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि लोक तिन्ही एकच समजून बुक करतात. स्की किंडरगार्टन म्हणजे स्की स्कूलने चालवलेली बर्फातली बालवाडी, तिथे बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण लागतात, आणि कित्येक ठिकाणी 'डायपर सुटलेला हवा' अशी अट असते जी वेबसाइटवर बारीक अक्षरात लिहिलेली असते. म्हणजे तुमचा मुलगा तिथे बसत नाही. ऑस्ट्रियात ही अडचण जास्त येते, मोठ्या मुलांसाठी तिथलं सगळं उत्तम असतं पण तीनच्या आतल्यांना प्रत्येक गाव घेतंच असं नाही, गावागणिक विचारावं लागतं. फ्रान्समध्ये बऱ्याच स्की गावांत खरंखुरं पाळणाघर असतं, ते क्रेश म्हणतात, काही महिन्यांच्या बाळापासून घेतात, आणि त्याला तिथल्या सरकारी माता-बाल खात्याची परवानगी लागते. किती मुलांमागे किती माणसं हेही ठरलेलं आहे: न चालणाऱ्या ५ बाळांमागे १ आणि चालणाऱ्या ८ मुलांमागे १, किंवा मग सरसकट ६ मागे १. दीड वर्षाचं तुमचं पोरगं चालणाऱ्यांत धरलं जाणार, त्यामुळे ते कुठला हिशोब लावतात ते विचारून घ्या, आठात एक आणि सहात एक यात आमच्या खोलीत तरी जमीन-अस्मानाचा फरक पडायचा, विशेषतः जेवणाच्या वेळी.

फ्रान्सला जाणार असाल तर लसीकरणाचे कागद हा विषय आजच हातात घ्या. २०१८ पासून जन्मलेल्या मुलांना तिथे पाळणाघरात घ्यायला ११ लसी सक्तीच्या आहेत, २०२५ पासून त्यात मेनिंगोकॉकलच्या (मेंदूज्वराच्या एका जंतूच्या) आणखी प्रकारांच्याही आल्या, आणि आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्या मुलांकडेही कागद मागतात. एकदा रविवारी सकाळी एक बाई बाळाला कडेवर घेऊन डेस्कसमोर उभी होती, बुकिंग होतं, पैसे भरलेले होते, पण लसीचं कार्ड घरी कपाटात, फोटोसुद्धा काढलेला नाही. आजीला झोपेतून उठवून फोन, आजी चष्मा शोधतेय, मग आजी कपाट शोधतेय, मग फोटो आला तो अर्धा आणि उलटा. बाळाला आत घेईपर्यंत साडेअकरा वाजले, अर्ध्या दिवसाचं पाळणाघर साडेबाराला बंद. तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट, दोन देशांचं लसीकरणाचं वेळापत्रक सारखं नसतं, एखादी लस आपल्याकडे यादीतच नसेल असं होऊ शकतं, म्हणून पाळणाघराकडून त्यांची यादी मागवा आणि ती मुलाच्या डॉक्टरांना दाखवा. हे निघायच्या आठवड्यात करून चालत नाही, काही लसींचे दोन डोस असतात आणि मध्ये अंतर ठेवावं लागतं.

नॅनी म्हणजे खोलीवर येणारी ताई. दीड वर्षाच्या मुलाला हा प्रकार खरं तर जास्त मानवतो, कारण त्याची झोप त्याच्याच पलंगात होते आणि थोडं नाक वाहत असलं तरी दिवस बुडत नाही. पाळणाघर तापाच्या मुलाला दारातूनच परत पाठवतं आणि ते बरोबरच आहे. नॅनीची दुसरी बाजू ही की ती एकटी असते. माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळची गोष्ट, ती दोन वर्षांची होती, आम्ही दुसऱ्या एका गावात सुट्टीला गेलो, एका एजन्सीकडून पूर्ण आठवडा नॅनी घेतली, आणि सोमवारी सकाळी सव्वाआठला मेसेज आला की ताईंना ताप आहे, क्षमस्व. बदली कोण? कोणीच नाही. पैसे परत मिळाले, पण पैशांचं काय करायचं, पैसे मांडीवर बसून पोराला भरवत नाहीत. या धंद्यात असून मी विचारलं नव्हतं, म्हणून आता सगळ्यांना सांगते: नॅनी आजारी पडली तर तिच्या जागी कोण येणार, हे लेखी मागा. आणि लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट मागा, त्याची तारीख बघा. मागायला संकोच वाटतो खरा, पण चांगल्या नॅनीला उलट बरं वाटतं, ती लगेच काढून दाखवते.

तुमच्या दोघांच्या वयांना मी असं करेन. लहान्याला पाच दिवस फक्त सकाळचं पाळणाघर किंवा सकाळपुरती नॅनी. मुलीला पाच दिवस फक्त सकाळची स्की स्कूल. त्या तीन तासांत तुम्ही दोघं एकत्र, किंवा तुम्ही इन्स्ट्रक्टरबरोबर आणि नवरा स्वतःच्या वाटेने. दुपारी सगळे एकत्र जेवायचं, लहान्याला खोलीत झोपवायचं, आणि मग एक दिवस नवरा पुन्हा वर जाईल, एक दिवस तुम्ही जाल, उरलेला खोलीवर, आणि लहाना उठला की दोन्ही मुलांना घेऊन घसरगाडीवर. दुपारची पाळी आधीच कॅलेंडरवर लिहून टाका, तिथे गेल्यावर ठरवू म्हणालात की ज्याला जास्त येतं तो जास्त जातो, हे मी शेकडो घरांत बघितलंय. काही गावांत आईबाबांनी आळीपाळीने वापरायचा एकच लिफ्ट पास, म्हणजे डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टचा पास, मिळतो, तो वेबसाइटवर दडलेला असतो, तिकीट खिडकीवर तोंडाने विचारा. आणि पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना पास बऱ्याच ठिकाणी फुकट असतो, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो.

आता सगळ्यात मोठा सापळा, वेळांचा. स्की स्कूल नऊला सुरू होऊन बाराला सुटते. पाळणाघर पावणेनऊला उघडतं, अर्धा दिवस साडेबाराला संपतो, म्हणजे कागदावर मस्त जमतंय. पण स्की स्कूल लिफ्टच्या वरच्या टोकाला आहे आणि पाळणाघर गावाच्या खालच्या टोकाला, आणि मधलं अंतर तुम्हाला स्की बूट घालून, एका हातात मुलीचे स्की, दुसऱ्या हातात मुलगी असं कापायचंय. घरी दहा मिनिटांत चालता ते अंतर तिथे अर्धा तास घेतं, आणि मुलगी मध्येच बर्फात बसते. नुसतं गावाचं नाव बघून बुकिंग करू नका, कारण फ्रान्समधल्या ला प्लान्य किंवा लेझ आर्क अशा एकाच नावाखाली वेगवेगळ्या उंचीवरची बरीच गावं येतात, पाळणाघर एका गावात आणि खोली दुसऱ्यात असा घोळ दर वर्षी कोणीतरी घालतंच. नकाशावर तीन टाचण्या लावा, खोली, पाळणाघर, स्की स्कूल जिथे जमते ती जागा, आणि तिन्ही पाच-सात मिनिटांच्या आत नसतील तर दुसरी खोली बघा. खोलीचा बाल्कनीतला व्ह्यू सोडा, तुम्ही बाल्कनीत बसणारच नाही आहात.

नावंच हवी असतील तर माझ्या मते काही गावं मुळातच मुलांसाठी नीट विचार करून बांधली आहेत. ऑस्ट्रियातलं सेरफाउस, तिथे गाड्यांची वर्दळ नको म्हणून १९८५ साली गावाखालून चिमुकली भुयारी रेल्वे काढली, फक्त ४ स्टेशनं, फुकट, शेवटचं स्टेशन थेट लिफ्टपाशी, मुलांना स्कीइंगपेक्षा तीच जास्त आवडते. फ्रान्सचं आव्होरियाझ, १८०० मीटरवर, गाड्यांना बंदी, लोक स्की घालूनच घराच्या दारापर्यंत येतात, आणि गावाच्या मधोमध मुलांचं स्वतंत्र स्की गाव आहे, ते आनी फामोज यांनी उभं केलं, ज्यांनी १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये २ पदकं मिळवली होती. स्वित्झर्लंडचं वेंगेन, तिथेही गाड्या नाहीत, खालून दातेरी रुळांच्या रेल्वेने वर जायचं आणि नवशिक्यांचं मैदान गावातच. गाड्या नसणं हे मी मुद्दाम बघायला सांगते, कारण दीड वर्षाचं मूल बर्फात जोरात पळत सुटतं आणि तुम्ही बुटांमुळे पळू शकत नाही. फ्रान्समध्ये 'फामी प्लुस' असा कुटुंबांसाठीचा शिक्का असतो, तो असेल तर किमान मुलांचा विचार झालेला असतो असं समजा, पण फोन करून विचारायचं ते विचाराच.

कधी जायचं? तुम्हाला शाळेचं बंधन अजून नाही, त्याचा फायदा घ्या, दोन वर्षांनी हा फायदा गेला. फ्रान्समधल्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत पाडलेल्या असतात, प्रत्येकाला दोन आठवडे, आणि सगळे मिळून फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत चार आठवडे व्यापतात, त्यात शेजारच्या देशांच्याही सुट्ट्या येऊन पडतात. त्या चार आठवड्यांत जाऊ नका. स्की स्कूलचे ग्रुप फुगतात, नवशिक्यांना दुपारची वेळ देतात जेव्हा बर्फ चिखल झालेला असतो आणि मूल झोपेला आलेलं असतं. जानेवारीचा मधला काळ शांत असतो पण थंडी कडक आणि दिवस लहान, साडेचार वर्षांच्या मुलीची बोटं वीस मिनिटांत गारठतात. मला विचाराल तर मार्चचा मध्य, ऊन असतं, दिवस मोठा, इन्स्ट्रक्टरसुद्धा जरा निवांत. फक्त मार्चमध्ये गाव फार खाली नको, नाहीतर मुलांच्या मैदानात हिरवळ दिसायला लागते.

पण फार वर पण नको. बाळाला घेऊन उंचीवर जायचं म्हटलं की आजी-आजोबा घाबरतात, तर साधारण २५०० मीटरच्या खाली झोपत असाल तर उंचीचा त्रास क्वचितच होतो, आणि युरोपातलं सगळ्यात उंच स्की गाव वाल थोरांस तेच २३०० वर आहे. तरी लहान्यासाठी मी १२०० ते १८०० मधलंच गाव घेईन, झोप बरी लागते. पहिल्या एक-दोन रात्री दोघंही कुरकुरतील, हवा कोरडी असते, खोलीतला हीटर कमी करा आणि पाणी सारखं पाजा. गाडीने घाट चढताना किंवा केबल कारमध्ये कान दुखतात, लहान्याला त्या वेळेला दूध किंवा चोखायला काहीतरी द्या, मुलीला गिळायला काहीतरी. सर्दी किंवा कानाचं दुखणं चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवाच.

मुलीच्या स्की स्कूलबद्दल. साडेचार हे वय सुरुवातीला छान आहे पण अपेक्षा कमी ठेवा. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि पायांत ताकद कमी, म्हणून मुलं मागे रेलून बुटांवर टेकतात आणि नुसती सरळ जातात. पहिले दोन दिवस ती एका स्कीवर सरपटेल, मग मॅजिक कार्पेट म्हणजे तो सरकता पट्टा, त्यावर उभं राहून वर जाणं आणि खाली घसरणं, आणि मग 'पिझ्झा', म्हणजे दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणून ब्रेक मारणं. आठवड्याअखेर पिझ्झा करून थांबता आलं तर जिंकलात. फ्रेंच स्की स्कूलमध्ये पायऱ्या असतात, पिउ-पिउ, मग उर्सों म्हणजे अस्वलाचं पिल्लू, मग फ्लोकों म्हणजे बर्फाचा कण, मग पहिला तारा, आणि शेवटच्या दिवशी बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यासाठी मुलं काहीही करतात, तुम्ही मात्र त्याचं टेन्शन घेऊ नका, शेजारच्या मुलाला वरचा बिल्ला मिळाला म्हणून इन्स्ट्रक्टरशी भांडणारे बाबा मी पाहिलेत.

बुक करताना विचारायचं ते असं, ग्रुपमध्ये जास्तीत जास्त किती मुलं (एवढ्या लहानांच्या ग्रुपमध्ये सहा ते आठच्या वर गेली की इन्स्ट्रक्टरचा अर्धा वेळ पडलेल्यांना उचलण्यात जातो), मुलीला समजेल अशी भाषा बोलणारा इन्स्ट्रक्टर नक्की मिळेल का, मध्ये आत जाऊन गरम व्हायची खोली आहे का, आणि शू लागली तर कोण नेतं. हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. वन-पीस स्की सूट, त्यात हातमोजे, त्यात हेल्मेट, अशा मुलीला शू लागल्यापासून बाथरूममध्ये बसवेपर्यंत माझ्यासारख्या सरावलेल्या बाईला पण चार मिनिटं लागतात, आणि तिने ते सांगितलेलं असतं तिसऱ्या मिनिटाला. वन-पीस घेऊ नका. सस्पेंडरची पँट आणि वेगळं जॅकेट घ्या, आणि सूट चढवायच्या आधी बाथरूमला बसवा, लागलेली नसली तरी.

तिला तयार कसं करायचं ते सविस्तर सांगते कारण निम्मी रडारड इथेच होते. पायात एकच मोजा, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की घड्या पडतात, रक्त पोचत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतो, पण दर रविवारी निम्म्या मुलांच्या पायात दोन मोजे असतात कारण प्रेमळ आजीने घातलेले असतात. आतली थर्मल पँट बुटाच्या वर थांबली पाहिजे, बुटात फक्त पाय आणि मोजा. बुटाची जीभ नीट मध्ये ओढा, टाच जमिनीवर आपटायला सांगा म्हणजे पाय मागे बसतो, मग वरचं बकल आधी आणि खालचं मागून. पँटची आतली रबरी झालर बुटावरून बाहेर. हातात पाच बोटांचे नाही, पिशवीसारखे मोजे, बोटं एकमेकांना ऊब देतात आणि घालायला सोपे. हेल्मेटच्या आत चिकटपट्टीवर तुमचा फोन नंबर. नंतर मग गॉगल, आणि हेल्मेट व गॉगलच्या मध्ये फट राहू द्यायची नाही.

बूट भाड्याने घ्या, विकत घेऊ नका, पुढच्या वर्षी होत नाहीत. स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये, म्हणून घरीच तिला टाच भिंतीला लावून कागदावर उभं करा, अंगठ्याच्या टोकाशी रेघ मारा आणि मोजा, १७ आलं तर साधारण १७.५ किंवा १८ चा बूट. दोन नंबर मोठा घेऊन 'वाढत्या अंगाचा आहे' हे शाळेच्या बुटांना चालतं, स्कीला नाही, पाय आत फिरला की स्की वळत नाहीच, शिवाय गुडघा धोक्यात. स्कीची उंची तिच्या छाती ते हनुवटीच्या मध्ये. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, दुकानदारालाच सेट करू द्या आणि त्याला वजन खरं सांगा.

चेअरलिफ्ट, म्हणजे तारेवर लटकत वर जाणारी बाकं, त्याबद्दल एकच, पहिल्या आठवड्यात तिला तुम्ही स्वतः चेअरलिफ्टवर नेऊ नका, तुम्हालाच कसंबसं थांबता येतं म्हणालात. फ्रान्समध्ये १.२५ मीटरपेक्षा बुटक्या मुलांना एकटं बसता येत नाही, बरोबर मोठं माणूस लागतं, आणि स्की स्कूल त्या वेळी रांगेतल्या अनोळखी मोठ्यांना 'या मुलाला शेजारी घ्या' म्हणते. हे तुम्हाला चालणार आहे का ते आधी ठरवून स्कूलला सांगा, मी स्वतः माझ्या मुलीच्या वेळी नाही म्हटलं होतं. इटलीत गेलात तर मुलांनाच नाही, मोठ्यांनाही हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि २०२२ पासून स्लोपवर उतरणाऱ्याकडे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा असावाच लागतो. बाकी देशांतही डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च कव्हर होतो का ते विम्यात वाचा, साधी ट्रॅव्हल पॉलिसी बऱ्याचदा स्कीइंग वगळते.

ऊन. थंडी आहे म्हणून कोणी क्रीम लावत नाही आणि मंगळवारी सगळी पोरं लाल. दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत सुद्धा भाजतं. एसपीएफ ५० सकाळी खोलीतच लावा, ट्यूब मुलीच्या खिशात द्या, आणि पाळणाघराच्या बॅगेत लहान्याचा गॉगल रबरी पट्ट्याचा ठेवा. त्या बॅगेत अजून दोन जोड हातमोजे, एक अख्खा कपड्यांचा जोड, त्याची रोजची गोधडी किंवा जे काही घेऊन तो झोपतो ते, आणि एका कागदावर तो किती वाजता झोपतो, काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, आणि 'पाणी' 'शू' 'आई' हे तो कुठल्या शब्दात म्हणतो ते त्या बायकांना वाचता येईल अशा लिपीत लिहून. हा कागद आणणारी आई मला फार आवडायची. पोरगं मम् म्हणून रडतंय आणि आम्ही त्याला आई हवी समजून खिडकीपाशी नेतोय, त्याला हवं होतं पाणी, असं व्हायचं.

सोडताना रडणार. दोघंही. पहिल्या दिवशी लहान्याला तासभरच ठेवायची सोय असेल तर तसं करा, रविवारी दुपारी जाऊन खोली दाखवून आणा. मग सोमवारी मिठी मारा, परत कधी येणार ते त्याच्या भाषेत सांगा, 'जेवायच्या आधी', आणि जा. काचेतून डोकावू नका. मूल सात-आठ मिनिटांत गप्प होतं, ट्रेनच्या डब्यांत रमतं, आणि तेवढ्यात काचेपलीकडे आईचा चेहरा दिसतो की पुन्हा पहिल्यापासून, आणि मग ते दिवसभर काचेकडेच बघत बसतं. काळजी वाटली तर अर्ध्या तासाने फोन करा, कोणीही रागावत नाही. आणि फोन चालू ठेवा, वर डोंगरात रेंज जाते, तुम्ही दोघं वेगळे असाल तर एकाने तरी खालच्या स्लोपवर राहा.

बुधवारी मुलगी म्हणेल की आज नाही जायचं. जवळजवळ सगळी म्हणतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय दुखतात आणि नवलाई संपलेली असते. तेव्हा एक दिवस सोडला तरी चालतो, ग्रुपमध्ये ती मागे पडेल ही भीती आईबाबांना असते, मुलांना नसते. पण तिला त्या दिवशी स्वतः शिकवायला घेऊ नका. नवऱ्याला छान येतं म्हणून तर अजिबातच नको.

राहिला शेवटचा प्रश्न, लहान्याला स्की लावायचे का. नाही. दीड वर्षाच्या पायाला बसतील असे प्लास्टिकचे खेळण्यातले स्की मिळतात, ते गालिच्यावर घालून फोटो काढा हवं तर. आणि त्याला पाठीवरच्या कॅरियरमध्ये बांधून नवऱ्याने स्की करायची ही कल्पना कोणी सुचवली तर ऐकू नका. बाप घामाघूम असतो म्हणून त्याला थंडी कळत नाही, मूल मात्र हलत नाही, पाय पट्ट्यांत आवळलेले, वारा अंगावर, बोटं कधी बधिर झाली ते सांगताही येत नाही त्याला, आणि पडलात तर तुमचं वजन त्याच्यावर. त्याला पाठ टेकता येईल अशी घसरगाडी भाड्याने घ्या, खाली मेंढीचं कातडं किंवा जाड घोंगडी अंथरा, दोरी तुमच्या हातात, सपाट जागेवर दुपारी वीस मिनिटं. त्याने बर्फ खाल्ला तर खाऊ द्या, फक्त पांढरा.